दासगावचे बंदर

वाणिज्य शाखेच्या पदवीधराने शब्दांच्या भानगडीत पडू नये, असा एक अलिखित संकेत आहे. आमचा व्यवहार आकड्यांशी. आकडा हा मोठा प्रामाणिक प्राणी. पाचाला मराठीत पाच म्हणा, तमिळमध्ये आणखी काही म्हणा, शंभरातून तो वजा केला की पंचाण्णवच उरतात. शब्दाचे तसे नाही. शब्द हा परकीय चलनासारखा आहे. सीमा ओलांडली की त्याची हुंडणावळ बदलते. इकडे रुपयाला चालणारा शब्द तिकडे चार आण्यालाही कोणी घेत नाही, आणि कधी कधी इकडची चिल्लर तिकडे राजाच्या मुकुटात जडवलेली सापडते.

लांब कशाला जा? शेजारच्या हिंदीचेच घ्या. आपल्याकडे शिक्षा म्हणजे छड्या; हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. दिल्लीत चक्क शिक्षा मंत्रालय आहे, आणि आपल्याकडच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ह्या नावात काही चुकले आहे असे वाटत नाही. आपल्याकडे चेष्टा म्हणजे थट्टा. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. 'हमने आपका काम करने की पूरी चेष्टा की,' असे एखाद्या हिंदी भाषिक साहेबाने सांगितले, तर मराठी खातेदाराला ते वाक्य अक्षरशः खरे वाटते. आपण माकडाला माकड म्हणतो. हिंदीत मकडा म्हणजे कोळी. मासे पकडणारा नव्हे, भिंतीवरचा. जाळे तसे दोघेही विणतात. आता मकडा जर कोळी, तर हिंदीतल्या माकडाने जावे कुठे? ते गेले बंदरावर.

आणि बंदर म्हटले की आम्हा महाडकडच्या माणसांना दासगाव आठवते.

महाडच्या अलीकडे पाच मैलांवर, मुंबई-गोवा रस्त्याला लागून, सावित्रीच्या काठी दासगाव आहे. हल्ली दासगाव म्हटले की पुष्कळांना २००५ सालच्या जुलैत कोसळलेली दरड आठवते, आणि ते साहजिक आहे. ज्यांच्या घरची माणसे त्या मातीखाली गेली त्यांना तर ती जन्मभर आठवणार. पण त्याआधी कित्येक पिढ्या दासगावच्या नावापुढे एकच शब्द आपोआप लागत असे : बंदर. तसा समुद्र इथून दूर. परंतु महाबळेश्वराहून निघालेली सावित्री पोलादपूर, महाड, दासगाव करीत बाणकोट आणि हरिहरेश्वर यांच्या मधून समुद्राला मिळते, आणि भरती आली की समुद्रही परतभेटीला खाडीतून वर चढत येतो. मोठी सभ्य नदी. पाहुणा आला की त्याला दारापर्यंत घेऊन येते. त्या भरतीच्या पाण्यावर गलबते आली, मचवे आले, पुढे आगबोटीही आल्या. (आगबोट हा शब्दही पाहा. आग आपली, बोट इंग्रजांची. असे संमिश्र विवाह मराठीत फार पूर्वीपासून होत आले आहेत, आणि बहुतेक सुखाचे झाले आहेत.)

तर, एका बँकेच्या शाखेत उत्तरेकडून बदलून आलेले एक साहेब होते. माणूस सज्जन, कामाला वाघ, मराठी शिकण्याची हौस दांडगी. पण येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. त्यांच्यापुढे दासगावकडच्या एका म्हाताऱ्या खातेदाराचा घरदुरुस्तीच्या कर्जाचा अर्ज आला. अर्जाला जागेची चतुःसीमा जोडलेली. पूर्वेस गावठाण, पश्चिमेस आंब्याचे झाड, उत्तरेस रस्ता, आणि दक्षिणेस बंदर.

साहेबांनी चष्मा पुसला.

"बाबा, दक्षिण में बंदर?"

"व्हय साहेब."

"कभी कभी आता है, की रोज?"

"रोजचंच हाय साहेब. आमच्या आज्याच्या आधीपासनं हाय."

"एकच आहे?"

"एकच. पण पयल्यासारखं ऱ्हायलं न्हाय. पूर्वी लई माणसं यायची त्याच्यासाठी. आता गाळ भरला."

दक्षिणेकडे बंदर गेल्याची एकच घटना साहेबांना ठाऊक होती, ती रामायणातली. तेव्हापासून एक तिथेच राहिले, लोक दर्शनाला येत, आणि आता बिचाऱ्याच्या छातीत कफ भरला, इथवर त्यांचा तर्क जाऊन पोचला. त्यांनी मोठ्या करुणेने विचारले, "इलाज नहीं किया?" म्हातारा म्हणाला, "सरकारनं मनावर घेतलं तर व्हईल." ह्यानंतर कोणीतरी मध्ये पडले म्हणून बरे, नाहीतर गाळाच्या उपशाऐवजी जनावरांच्या डॉक्टरासाठी कर्ज मंजूर झाले असते.

वास्तविक दोघांचेही काही चुकत नव्हते. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचे तर ही एकाच नावाच्या दोन खातेदारांची केस आहे. नाव तेच, सही वेगळी, बापाचे नाव वेगळे. हिंदीतल्या बंदराचा बाप संस्कृत. मूळचा वानर, तो झिजत झिजत बानर, बांदर, बंदर झाला. आपल्याकडे रानातले लोक त्याला वांदर म्हणतात, म्हणजे तो आपल्याकडेही निम्म्या वाटेपर्यंत आलाच होता; पण पुढचा पाट आधीच अडलेला दिसल्यामुळे तिथेच थांबला. कारण आपल्या बंदराचा बाप फारसी. फारसीत बंद म्हणजे बांध, बांधून अडवलेली जागा. आणि दर म्हणजे दार. मिळून बंदर, असा त्याचा विग्रह सांगतात. आणि हे दोन्ही तुकडे आपल्याला परके नाहीत. फारसीतला बंद आणि आपला बांध हे सख्खे चुलते-पुतणे. फारसीतला दर आणि आपले दार एकाच आळीतले. इंग्रजांचे डोअरसुद्धा त्याच वाड्यातले, फक्त फार पूर्वी वेगळे निघालेले.

ह्या नामसाधर्म्याचा त्रास हिंदीला इतका झाला, की तिने आपल्या बंदराला शेवटी 'गाह' अशी शेपटी जोडली आणि बंदरगाह केले. गाह म्हणजे जागा. म्हणजे नाव घेताच माणूस आधी जागा बघेल, माकड शोधणार नाही. (शेपटी खरे तर दुसऱ्याला हवी होती, पण त्याच्याकडे स्वतःची होती.) तरीही पोरबंदर हे नाव घेताना हिंदी माणसाच्या मनात क्षणभर काय येत असेल, कोण जाणे. तिथे जन्मलेल्या महात्माजींजवळ पुढे तीन माकडांची मूर्ती असावी, हा निव्वळ योगायोग आहे. इतिहासकारांनी त्यावरून काहीही सिद्ध करू नये.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा शब्दात काय आहे? मलाही तसेच वाटत होते. पण बँकेत एक सवय लागते. एखादे खाते संशयास्पद वाटले की त्याच्या सगळ्या शाखांतली उलाढाल पाहायची. तशी मी ह्या शब्दाची उलाढाल पाहू लागलो, आणि चाट पडलो. आपल्याकडे जगाचा अनुभव घेतलेल्या माणसाला 'बारा गावचे पाणी प्यालेला' म्हणतात. हा शब्द बारा बंदरांचे पाणी प्यालेला निघाला.

इराणात तो घरचाच. शाह अब्बासाने पोर्तुगीजांकडून घेतलेले बंदर अब्बास आजही त्याचे नाव लावून उभे आहे. तिथून तो अरबांच्या गलबतावर चढला. अरबी व्यापाऱ्यांबरोबर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरला, आणि स्वाहिलीत 'बंदारी' झाला. अर्थ तोच, आपलाच. मोंबासाच्या बंदरातल्या नोकरदारांचा फुटबॉलचा संघसुद्धा बंदारी ह्या नावानेच खेळतो. इजिप्तमध्ये मात्र शब्दाने बढती घेतली. तिथे बंदर म्हणजे खेड्यापुढचे मोठे गाव, आपण ज्याला तालुक्याचे गाव म्हणतो ते. मग पाणी असो वा नसो. म्हणजे इजिप्तचा शेतकरी जर आमच्याकडे पाहुणा आला, तर तो दासगावाला खेडे म्हणेल आणि महाडला बंदर. दासगावकरांना हे सांगायची माझी छाती नाही.

पूर्वेला तर त्याचे नशीबच फळफळले. मलाक्काच्या सुलतानांच्या राज्यात पंधराव्या शतकात बंदरावरच्या अधिकाऱ्याला शहाबंदर म्हणत, आणि असे एक नव्हे, चार शहाबंदर होते. निरनिराळ्या मुलखांतल्या व्यापाऱ्यांसाठी निरनिराळे. त्यांतला एक स्वतंत्रपणे फक्त गुजरात्यांसाठी! गुजराती व्यापारी परदेशात गेला की काय काय मिळवतो, ह्याचा हा पाचशे वर्षांपूर्वीचा पुरावा. त्यांच्याच जहाजांवरचा आपला नाखवा तिकडे 'नाखोदा' म्हणून कप्तान होऊन बसला आहे. पुढे मलायी भाषेत बंदर म्हणजे नुसते शहर झाले. क्वालालंपूरच्या महानगरपालिकेच्या नावात 'बंदराया' आहे, म्हणजे मोठे बंदर, अर्थात महानगर. ब्रुनेईच्या राजधानीचे नाव १९७० साली बदलले आणि तेव्हाच्या सुलतानाच्या वडिलांच्या पदवीवरून ते 'बंदर सेरी बेगावान' असे ठेवले गेले. जरा हळू वाचा. सेरी म्हणजे श्री. बेगावान म्हणजे भगवान. बंदर श्री भगवान! आमच्या कोकणात हे नाव एखाद्या मचव्यावर सहज खपून गेले असते, आणि खाली नाखव्याच्या मुलाबाळांचीही नावे आली असती.

शेजारच्या इंडोनेशियात शब्दाने दोन धंदे काढले. एक सरळ, एक वाकडा. सरळ धंदा असा, की तिथे विमानतळाला 'बंदर उदारा' म्हणतात, म्हणजे हवेतले बंदर. त्याचेच आखूड करून 'बंदारा'. गलबतांसाठी जन्मलेला शब्द विमाने उतरवतो आहे. आणि वाकडा धंदा असा, की तिथे जुगाराच्या डावात जो सगळ्यांचे पैसे धरून बसतो, ज्याच्याशी बाकीचे खेळतात आणि शेवटी ज्याच्याच खिशात नफा जातो, त्या माणसालाही बंदर म्हणतात. इंग्रजीत पत्त्यांच्या डावातल्या ह्याच गृहस्थाला बँकर म्हणतात. इथे मी तपास थांबवला. काही चौकश्या माणसाने आपल्या नोकरीच्या सुरक्षिततेसाठी अर्धवट सोडाव्यात.

आपल्या देशात तरी काय कमी आहे? मच्छलीपट्टणला तेलुगू मंडळी घरगुती नावाने बंदर म्हणतात, आणि तिथले लाडू 'बंदर लड्डू' म्हणून प्रसिद्ध आहेत. उत्तरेकडचा पाहुणा ते पहिल्यांदा खाताना जरा विचार करतो, दुसऱ्यांदा करीत नाही. सुरतेला मोगल काळात 'बंदर-ए-मुबारक' म्हणत. हजची जहाजे तिथून सुटत म्हणून 'मक्केचे दार' असेही तिचे नाव होते. हे दार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. इंग्रजांनी शब्द उचलला आणि 'बंडर' केला. १८८६ साली निघालेल्या हॉब्सन-जॉब्सनच्या कोशात बंडर आणि शाबंडर दोघेही हजर आहेत. मुंबईत पालव्याच्या बंदराचे त्यांनी अपोलो केले असे सांगतात. कुठे आपला पालवा, आणि कुठे तो ग्रीकांचा सूर्यदेव! मस्जिद बंदराचे तर विचारूच नका. त्यातली मस्जिद म्हणजे जवळचे १७९६ साली बांधलेले ज्यूंचे प्रार्थनामंदिर, असे सांगतात. आणि ते बांधणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर हे आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल समाजातले. ज्यूंच्या देवळाला मुसलमानी नाव, पुढे फारसी बंदर, बांधणारा दिवेकर, आणि आता तिथे लोकलमधून उतरणारा बहुतेक जण वेलदोड्याचे भाव विचारायला आलेला. ह्याला आपण राष्ट्रीय एकात्मता म्हणतो. पूर्वी नुसते बंदर म्हणत.

मला ह्या सगळ्यात एक गोष्ट विलक्षण वाटते. एवढ्या मुलखांत हा शब्द फिरला, पण त्याला कोणी सक्तीने नेले नाही. कुठल्या राजाने फर्मान काढले नाही, कुठल्या समितीची बैठक बसली नाही. उलट महाडपासून हाकेच्या अंतरावर, रायगडावर, १६७४ चा राज्याभिषेक झाला त्या काळात शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंत्यांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मोठे काम झाले. दरबारातले कितीतरी शब्द पालटले. पण गडाच्या पायथ्याशी खाडीवर राबणाऱ्यांच्या तोंडचे बंदर काही हलले नाही. कोशकाराचा अर्थ कागदावर असतो. शब्दाचा अर्थ ठरवतात ते त्याच्यावरून ये-जा करणारे लोक.

आणि आता दासगावला परत येऊ. कारण ह्या शब्दाचा जो अर्थ दासगावात लागला, तो ना इराणात लागला, ना ब्रुनेईत.

बंद आणि दर. फारसी सोडून हे मराठी कानाने ऐका बरे. 'बंद दार' असे ऐकू येते. आपल्याकडे काही माणसांसाठी दारे कशी बंद असत, हे सांगायला शब्दकोश लागत नाही. महाड-दासगाव हा भाग लष्करी पेशाच्या महार कुटुंबांचा. मुंबई इलाख्याच्या पलटणींत नोकऱ्या करून, कोणी सुभेदार, कोणी हवालदार होऊन परत आलेली माणसे ह्या खेड्यापाड्यांत होती. महाड तालुक्यातल्याच रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली पलटणीतून निवृत्त झाले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलून बसले. म्हणजे बघा, परमुलखातल्या छावण्यांत राहून, खरोखरच बारा गावचे पाणी पिऊन आलेली ही माणसे. फक्त तेरावे गाव राहिले होते. ते महाड. तालुक्याच्या गावच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांना चालत नव्हते; किंवा खरे सांगायचे तर, त्यांचे तळ्याला चालत नव्हते. तळ्याच्या नावातच चव. पण ती कोणी घ्यायची हे आधीच ठरलेले.

१९२३ च्या ऑगस्टात मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेने त्याला धरून आपलाही ठराव केला. कागदावर तळे मोकळे झाले. पण ठराव हा चेकसारखा असतो, हे आम्ही बँकवाले जाणतो. सही झाली म्हणजे पैसे मिळाले असे नव्हे. तो वटावा लागतो.

तो वटवायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागून हजारो माणसे तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. परिषदेमागे ज्यांची खटपट मोठी होती ते रामचंद्र बाबाजी मोरे ह्याच परिसरातले. पुढचे आपल्याला ठाऊक आहे. मारहाण झाली, तळे 'शुद्ध' करून घेतले गेले, आणि डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले.

आता मुंबईहून महाडला यायचे कसे? धरमतरवरून मोटारीचा रस्ता होता. पण मोटारवाले ऐनवेळी बसवून घेतील याची खात्री कोणी द्यावी? रस्ता सरकारी असला तरी मोटारीला दार असते, आणि दार कोणीतरी लावून घेऊ शकतो. म्हणून मंडळी समुद्राने निघाली. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे सुमारे दोनशे लोक मुंबईहून 'पद्मावती' आगबोटीत बसले. दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर. तिथून खाडीने वर, भरतीबरोबर. आणि २५ तारखेच्या दुपारी बोट लागली ती दासगाव बंदराला.

बंदरावर तीन हजारांहून अधिक सत्याग्रही वाट पाहत उभे होते. जिल्हाधिकाऱ्यांचे पत्रही तिथेच वाट पाहत होते, पोलीस अधिकाऱ्याच्या हातात. सरकारी कागद हा माणसाच्या आधी पोचतो, हा नियम तेव्हाही होता. तिथून लोक घोषणा देत, गाणी म्हणत पाच मैल चालत महाडला गेले. कोर्टाचा मनाई हुकूम होता म्हणून तळ्यावर जाणे त्या वेळी स्थगित झाले. पण त्याच दिवशी, त्याच महाडात मनुस्मृतीचे दहन झाले. पुढे दावा चालला, चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. तळ्यावरचा अस्पृश्यांचा हक्क कायम झाला.

हिशेब मांडू. नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. निकाल १९३७ चा. म्हणजे 'सार्वजनिक' ह्या एका शब्दाचे मराठीतून मराठीत भाषांतर व्हायला तेरा वर्षे लागली. फारसी बंदराचे स्वाहिली करायला एवढा त्रास पडला नव्हता. परक्या भाषेतला शब्द आपण पाहुण्यासारखा घरात घेतो, त्याला पाट देतो, त्याची जात विचारत नाही. बंदर फारसी, अलमारी पोर्तुगीज, आगबोट अर्धी इंग्रज, सगळे आपल्या ओटीवर सुखाने नांदतात. पण आपल्याच भाषेतला साधा, सरळ, शाळेच्या पुस्तकात छापलेला शब्द खरा करून दाखवायची वेळ आली, की आपल्याला वकील लागतो.

म्हणून मला दासगावच्या बंदराचे कौतुक वाटते. त्या दिवशी त्याने आपल्या नावातले 'बंद' बाजूला ठेवले आणि 'दर' तेवढे ठेवले. बंदराने कोणाला विचारले नाही की तू कोण. बंदर कधी विचारत नसते. गुजराती असो, अरब असो, ज्यू असो, सुभेदाराचा मुलगा असो. भरती आली की बोट लागते, आणि बोट लागली की माणूस उतरतो. बंदरावर उतरायला सगळ्यांना सारखाच पाय लागतो. अडवाअडवी सुरू होते ती पुढे, सुकी जमीन लागल्यावर.

आता दासगावला आगबोट येत नाही. खाडीत गाळ साचला. जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, ते १९८१ पासून रायगड झाले. कोकण रेल्वे रोह्याकडून वीरपर्यंत १९९३ साली आली आणि १९९८ साली थेट पुढे गेली; मुंबईला जायचे तर लोक जवळचे वीर स्टेशन गाठतात, नाहीतर हायवेला उभे राहून एसटीला हात करतात. एसटी थांबते की नाही हा वेगळा विषय आहे. त्यावर कोश रचायचा झाला तर त्यातले सगळे शब्द छापता येणार नाहीत. पण बंदर हा शब्द काही गेला नाही. बोटी गेल्या, माल गेला, उतारू गेले, आणि शब्द तेवढा खाडीच्या काठाला बसून राहिला. आमच्याकडे अशा खात्याला 'व्यवहार नसलेले खाते' म्हणतात. दहा वर्षे कोणी फिरकले नाही तर त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे पाठवतात. दासगावच्या खात्यात मात्र अशी काही शिल्लक आहे, की ती कुठल्याही नियमाने दुसरीकडे वळवता येणार नाही.

तेव्हा उद्या कोणी परमुलखातला पाहुणा आला आणि म्हणाला, "क्यों भाई, दासगाव में बंदर है क्या?" तर त्याला हसू नका. त्याला सांगावे, "आहे साहेब. एकच आहे, पण मोठे आहे. ते पाहून झाले की तसेच पाच मैल चालत पुढे जा. तिथे एक तळे लागेल. तळे पाहून या, मग ह्या शब्दाचा अर्थ काय तो तुम्हीच आम्हाला सांगा."